दाढ काढायची की वाचवायची, हे कुणी ठरवायचं?

खाडीपलीकडची | ३ जून, रात्री ९.१०

गेल्या मंगळवारी आईची चौथी दाढ काढली. आमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात. साडेआठलाच खिडकीपाशी उभ्या होतो, नंबर लागला पावणेबाराला. आई खुर्चीत बसली. डॉक्टरांनी टॉर्च मारला, आरशाच्या दांडीने दाढेवर टकटक केलं, आई कळवळली. "काढूया ना मावशी?" असं विचारेपर्यंत इंजेक्शन भरून तयार होतं. आई "होय" म्हणाली. सरकारी टेबलासमोर ती नेहमी होयच म्हणते.

थोड्याच वेळात दाढ स्टीलच्या ट्रेमध्ये पडली. मी वाकून बघितली. तीन मुळांची, घट्ट, पिवळसर दाढ. एका अंगाला मोहरीएवढं काळं भोक, बाकी सगळी शाबूत.

एक रुपयाही लागला नाही, हे आधीच सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं, आणि आम्हाला ते मोफतच मिळालं. त्यामुळे हा धागा पैसे मागितल्याच्या तक्रारीचा नाही. डॉक्टरांनी काम स्वच्छ केलं, ओरडले नाहीत, गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं. बाहेर बाकड्यांवर चाळीसेक माणसं बसलेली होती, तेही मी पाहिलं.

पण रात्री पेज पिताना आई म्हणाली, "दाढ माझीच व्हती ना? मग मला नीट का नाय इचारलं?"

आईचं वय ६१. उजव्या बाजूला आता चावायला काही उरलं नाही. भाकरी कालवणात भिजवून खाते, सुकट चुरून घेते. दोन महिन्यांपूर्वी माझी स्वतःची अशीच दाढ दुखत होती. मी चिपळूणला खासगीत गेले, तिथे रूट कॅनालचे, म्हणजे दाढेतली नस काढून ती आतून भरायचे, ४,००० आणि वरच्या कॅपचे ३,५०० सांगितले. मी नोकरी करते म्हणून हप्त्याने भरले आणि माझी दाढ वाचली. आईची गेली. दोघींच्या दाढा सारख्याच किडलेल्या होत्या, हे माझ्या मनातून जात नाही.

मला एवढंच विचारायचं आहे. मोफत म्हणजे एकच उपचार, असं का असावं? दाढ वाचण्यासारखी आहे का, असेल तर कुठे वाचेल, किती फेऱ्या लागतील, हे तिला कुणीतरी दोन मिनिटं सांगायला हवं होतं. ती कदाचित तरीही "काढा" म्हणाली असती. तुमच्याकडे काय अनुभव आहेत? मुंबईला नेणं, गोव्याला नेणं, सगळं लिहा.

भरतीओहोटी | ३ जून, रात्री १०.०२

मी मालवणातसून लिवतंय. आमच्या हयसर पण ह्याच. दाड दुखाक लागली की पयली लवंग, मगे मेडिकलातली गोळी, आणि सूज इली की मगे सरकारी दवाखानो. तोपर्यंत डॉक्टर तरी काय वाचवतलो?

सावंतवाडी-दोडामार्गातली माणसा बांबोळीक जातत, थंय गोव्याचा सरकारी दातांचा कॉलेज आसा. पण तां दुसऱ्या राज्याचा. २०१८ त बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात गोव्याभायल्या लोकांका पैसे लावले तेव्हा आमच्या जिल्ह्यात केदो गाजावाजा झालो तो कोणी इसरूक नाय. शेजाऱ्याच्या दारात उभ्या रवान आपली निवड कशी मागतलास? ओरोसाक मेडिकल कॉलेज झाला, बरा झाला. पण सरकारी दातांची कॉलेजा मुंबई, नागपूर आणि संभाजीनगराक. मुंबय सोडली तर आख्ख्या कोकणपट्टीत एक पण नाय.

स्पष्ट बोलतो | ३ जून, रात्री १०.४०

राग मानू नका, पण फुकट मिळतंय तिथे निवड कसली मागता? चाळीस पेशंट बाहेर असताना एकेकाला पर्याय समजावत बसले तर शेवटचा पेशंट संध्याकाळी घरी जाईल. दुखणं थांबलं ना? मग झालं.

खाडीपलीकडची | ३ जून, रात्री ११.१५

स्पष्ट बोलतो, राग नाही, पण पटत नाही. फुकट कुणाच्या घरचं नाही. आई काड्यापेटी घेते तेव्हाही कर भरते. आणि पर्याय सांगणं ही मेहेरबानी नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली, त्यात १७ हक्क आहेत. समजून-उमजून संमती देणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, दुसरा उपचार उपलब्ध असेल तर तो निवडणं, हे सगळं त्यात आहे. सरकारीतला पेशंट वेगळा आणि खासगीतला वेगळा असा भेद त्यात केलेला नाही.

आणि दुखणं थांबलं म्हणजे झालं, हे ज्याची दाढ शाबूत आहे त्याला वाटतं. आईने गेल्या चार वर्षांत काजूगर खाल्लेला नाही. आमच्या अंगणात काजूचं झाड आहे.

तालुक्याचा दंतवैद्य | ४ जून, सकाळी ७.२०

मी सरकारी रुग्णालयात कंत्राटी दंतचिकित्सक आहे, जिल्हा सांगत नाही. ताईंची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही, कारण "काढूया ना मावशी?" हे मी रोज म्हणतो.

का म्हणतो ते लिहितो. दाढ काढायला सुन्न होण्याच्या वेळेसकट पंधरा-वीस मिनिटं लागतात. दाढेच्या रूट कॅनालमध्ये तीन, कधी चार नळ्या असतात. प्रत्येक नळी बारीक फाईलने साफ करायची, लांबी एक्स-रेवर बघायची, धुवायची, भरायची. एका बैठकीला पाऊण तास ते तास, आणि अशा दोन-तीन बैठका. माझ्याकडे खुर्ची एक. मध्ये साडेचार महिने कॉम्प्रेसर बंद होता. कॉम्प्रेसर नसेल तर ड्रिल फिरत नाही, आणि ड्रिल फिरत नसेल तर माझ्या हातात काढण्याचा चिमटाच उरतो. दातांचा एक्स-रे काढायचं छोटं यंत्र आलं, पण त्याची जोडणी करायला कुणी आलं नाही. अशा खोलीत बसून मी पर्याय कोणते सांगू, हा प्रश्न मलाही पडतो.

दुसरं कारण जास्त टोचतं. मी सुरुवातीला खूप रूट कॅनाल सुरू केले. पहिल्या बैठकीत नस काढली की दुखणं थांबतं. दुखणं थांबलं की माणूस परत येत नाही. एक दिवसाची मजुरी, एसटी, घरची गुरं. तीन-चार महिन्यांनी तोच माणूस गालाला सूज घेऊन येतो, तात्पुरतं सिमेंट निघून गेलेलं, दाढ मधोमध फुटलेली. मग काढावीच लागते, आणि तो म्हणतो, डॉक्टरने दाढ बिघडवली. असं दहा-बारा वेळा झालं की डॉक्टर विचारायचंच सोडतो. मी सोडलं. ताई, तुमच्या आईंचा प्रश्न मला लागला तो इथे. ती परत येणार नाही हे मी तिच्या वतीने परस्पर ठरवून टाकतो.

आता उपयोगाचं. गार पाण्याने, गोड खाल्ल्याने ठणकतं आणि लगेच थांबतं, अशा वेळी बहुतेकदा साध्या फिलिंगवर भागतं. त्यासाठी ग्लास आयनोमर सिमेंट पुरतं. ते दाताला चिकटतं, त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं. कीड छोटी असेल तर ड्रिलशिवाय, नुसत्या हाताच्या हत्यारांनी खरवडून भरता येते. ही पद्धत १९८० च्या दशकात आफ्रिकेत, टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठी बसवली गेली. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा मी तीच वापरतो. लहान मुलांसाठी, घाबरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध आहे. थेंबभर लावलं की कीड बहुतेकदा थांबते, पण किडका भाग कायमचा काळा पडतो. म्हणून विचारूनच लावायचं असतं, पुढच्या दाताला कुणी नको म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध आणि ते सिमेंट, दोन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. दोन्ही स्वस्त आहेत.

रात्री आपोआप ठणका सुरू होतो, उशीवर डोकं टेकवत नाही, गरम चहाने वाढतं, तर नस गेलेली असते. तिथे रूट कॅनाल किंवा काढणं, एवढेच मार्ग. हिरड्या खाली जाऊन दात हलायला लागला असेल तर रूट कॅनालने तो घट्ट होत नाही, तिथे काढणंच बरं. काढण्याला नावं ठेवू नका, योग्य ठिकाणी तोच योग्य उपचार आहे. आणि दात काढल्याने नजर जाते ही भीती अजिबात खरी नाही. तिच्यापायी लोक पू घेऊन महिनोन्महिने फिरतात.

एक कळकळीचं. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास, असं झालं तर दातांच्या डॉक्टरचा वार बघू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. ती सूज गळ्याकडे उतरते आणि श्वास अडवते.

पुढच्या वेळी आईंना खुर्चीत बसायच्या आधी एवढंच विचारायला सांगा: "डॉक्टर, ही वाचंल का? इथे नसेल होत तर कुठे होईल ते लिहून द्या." असं विचारलं की मला थांबावं लागतं. मी लिहून देईन, आणि माझ्यासारखे बरेच जण देतील.

गुहागरची आशा | ४ जून, दुपारी १.३५

डॉक्टर, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. मी आशा म्हणून अकरा वर्षं वाड्या फिरते. माझ्याकडच्या बाया दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी एकच औषध घेतात, मिश्री. सकाळी, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री. तंबाखू भाजून केलेली पूड ती, पण तिला कुणी तंबाखू म्हणत नाही, "दात घासते" म्हणतात. हिरडी बधिर होते म्हणून दुखणं दबतं, मग सवय सुटत नाही. तोंड उघडायला सांगितलं की लाजतात. गेल्या वर्षी एका काकूंच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. तिला डेरवणच्या रुग्णालयात पाठवायला मला पाच वेळा घरी जावं लागलं.

निवडीचं म्हणाल तर बाईच्या बाबतीत ती खुर्चीपर्यंत पोहोचायच्या आधीच झालेली असते. कधी जायचं हे मुलगा ठरवतो, कुणाबरोबर जायचं हे नवरा ठरवतो. तिला विचारलं तर ती म्हणते, "एका फेरीत होईल तां करा." तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवस घरात चूल कोण पेटवणार, हा तिचा हिशोब असतो. रूट कॅनाल फुकट केला तरी त्या तीन दिवसांचं काय? मला वाटतं, एकाच गावातल्या चार-पाच जणींचे वार एकत्र लावले तर त्या येतील. एकटी बाई येत नाही.

आता उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आणि तिथे मिळायच्या १२ सेवांमध्ये दातांची प्राथमिक तपासणीही आहे. आमच्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम टॉर्च लावून बघतात. त्यांनी लवकर पाठवलं तर फिलिंगवर भागेल, हे डॉक्टर म्हणतात ते खरं आहे.

काळी पाटी | ४ जून, सायंकाळी ५.५०

शिक्षक आहे, लांजा तालुका. मुलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम पालघरमधून सुरू झाला, त्याच्या तपासणीत दातांचे आजार आहेत. पथक नीट तपासतं, चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी मला दिवाळीनंतर दप्तराच्या तळाशी सापडते, पेन्सिलीच्या भुशात मळलेली.

कारण पालक म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडतील. पण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नसते. तिच्यासाठी आधी कुठला दुधाचा दात पडत नाही, म्हणून कुणाला कळतच नाही की कायमची दाढ आली. ती दहाव्या वर्षी किडून काढली की पुढची पन्नास-साठ वर्षं तिच्यावाचून. शेजारच्या दाढा त्या फटीत कलतात, वरची खाली उतरते. या वर्षी मी पालकसभेत पहिलीच्या मुलाला उभं करून ती दाढ प्रत्येक आईला दाखवली. सात जणी त्याच आठवड्यात तपासायला गेल्या.

लालबागचा चाकरमानी | ५ जून, रात्री १२.०५

मूळ गाव राजापूर, राहायला मुंबई. गावाकडून दातांसाठी येणाऱ्यांना मी दोन ठिकाणी नेतो. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, महापालिकेचं, आणि सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय. शिकणारे विद्यार्थी हात लावतात, पण वर शिक्षक उभे असतात, एकेक पायरी तपासून पुढे जाऊ देतात. खर्च खासगीच्या मानाने फारच थोडा. लागतो तो वेळ. आणि तिथे मी पहिल्यांदा ऐकलं, की डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला विचारतायत, "आजी, धातूची कॅप चालेल की दाताच्या रंगाची? रंगाची थोडी महाग पडेल."

पण वडिलांच्या कवळीला पाच फेऱ्या झाल्या. माप, परत माप, मेणावर दात लावून बघणं, बसवणं, टोचतं तिथे घासणं. वडील दहा बाय बाराच्या खोलीत पाच आठवडे राहिले आणि रोज विचारायचे, आंब्याला मोहर आला असेल का रे. कवळी तालुक्याला झाली असती तर त्यांना घर सोडावं लागलं नसतं.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्या साधनांच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर यांच्याबरोबर कवळीसुद्धा आहे. ६० च्या वर वय आणि उत्पन्नाची अट. आमच्या शिबिरात काठ्या-चष्मे भराभर नोंदवत होते. कवळी मी विचारली तेव्हा यादी काढून बघितली आणि मग नाव घेतलं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

चिंचेखालचा दवाखाना | ५ जून, सकाळी ९.३०

मी खासगी प्रॅक्टिस करतो, रत्नागिरी जिल्ह्यातच. रूट कॅनालचे चार हजार ऐकून आम्ही लुटतो असं वाटू शकतं. साहित्य, लॅब, भाडं, सहायक धरून त्यातून फार उरत नाही. पण एक चूक आमच्यातही आहे. सुरुवातीला फक्त रूट कॅनालचा आकडा सांगतात, आणि नस काढून झाल्यावर कॅपचा. तोपर्यंत पेशंट अडकलेला असतो. मागची दाढ कॅपशिवाय बहुतेकदा फुटते, म्हणजे ते पैसे आधीच धरायला हवेत. म्हणून कुठेही जा, सुरू करायच्या आधी कॅपसकट पूर्ण आकडा कागदावर घ्या. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप वर्षानुवर्षं टिकते, दाताच्या रंगाची झिर्कोनियाचीच हवी असं नाही. ही निवड पेशंटची आहे आणि ती करायला त्याला दोन दिवस दिले तरी काही बिघडत नाही.

महात्मा फुले योजनेबद्दल रोज विचारणा होते. कार्ड घेऊन लोक फिलिंग करायला येतात. ती योजना मोठ्या आजारांसाठी आहे. जबडा मोडला, जबड्यात मोठी गाठ झाली, तोंडाचा कर्करोग झाला, तर तिच्याकडे जा. फिलिंग, रूट कॅनाल, कवळी तिच्यातून होत नाही. म्हणजे दाताची कीड वाढून जबड्यात पसरली तर संरक्षण, आणि कीड छोटी असताना काहीच नाही. हे उलटं आहे, आणि बदलायला हवं.

स्पष्ट बोलतो | ५ जून, सकाळी ११.०८

सगळं वाचलं. माझा पहिला शब्द चुकला. माझ्या वडिलांना सहा वर्षं दात नाहीत, त्यांनी मटण सोडलंय आणि आम्ही ते वयामुळे समजत होतो. वयोश्रीच्या नोंदणीचं बघतो.

तालुक्याचा दंतवैद्य | ५ जून, रात्री ८.४५

एक राहिलं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. किरकोळ दुरुस्तीला तिच्या निधीतून खर्च करता येतो. आमचा कॉम्प्रेसर माझ्या अर्जांनी नाही सुटला. एका सरपंचबाईंनी समितीला पत्र दिलं, "इतके दिवस बंद, इतके पेशंट परत गेले", तारखांसकट, तेव्हा पुढच्या बैठकीत मंजूर झाला. गावातून आलेलं पत्र आमच्या पत्रापेक्षा लवकर वाचलं जातं.

खाडीपलीकडची | १९ जून, रात्री ९.३०

सगळ्यांना कळवते. आईच्या खालच्या डाव्या दाढेत गार पाण्याने ठणका होता. ती गेली असती तर डावी बाजूही संपली असती. या वेळी पलीकडे गेलो. धोपाव्याला फेरीबोट, दाभोळला उतरून एसटी, मोठ्या रुग्णालयात. खुर्चीत बसायच्या आधी आईने स्वतः विचारलं. वाटेत बोटीवर ती ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत होती. "डॉक्टर, ही वाचंल का?"

डॉक्टर मॅडम थांबल्या. स्टूल ओढून बसल्या, आरसा आईच्या हातात दिला आणि तिला तिची दाढ दाखवली. म्हणाल्या, नसेपर्यंत गेलेलं दिसत नाही, आज भरते, पंधरा दिवस बघू. दुखली तर रूट कॅनाल, इथे होतो, तीन वेळा यावं लागेल. नाहीतर काढायची. तुम्हाला काय वाटतं? आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "भरा. दुखली तर येईन. तीनदा येईन."

आज पंधरा दिवस व्हायला चार दिवस कमी आहेत. अजून दुखलेली नाही. आमच्या इकडच्या रुग्णालयाच्या समितीला पत्र लिहिलंय, एक्स-रेचं यंत्र आणि आठवड्याला तिसरा दिवस मागितलाय, वाडीतल्या २७ जणींच्या सह्या आहेत. आवक शिक्का मारून प्रत घेतली.

गुहागरची आशा | १९ जून, रात्री ९.५२

ताई, तुमच्या पत्राची प्रत पाठवा, आमच्याकडून पण देते. आणि मंगळवारी मी पाच जणींना घेऊन पलीकडे येतेय. खिडकी किती वाजता उघडते?

खाडीपलीकडची | १९ जून, रात्री ९.५५

साडेआठला. पहिली फेरीबोट पकडा, मी धोपाव्याच्या जेट्टीवर असेन. आईपण येते म्हणतेय.